व्हॅलेंटाइनसाठी एअर फ्रायरमधले झटपट डोनट होल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की तेच तेच प्रश्न येऊ लागतात. १३ तारखेच्या रात्री येणारे तर एका ओळीचे आणि घाबरेघुबरे असतात: "आतून कच्चे राहिलेत, आता?" म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. घाईत असाल तर प्रश्न ३ वाचा आणि कामाला लागा. काही बिघडलं तर ८, ९ आणि १० तिथेच आहेत.

छोटा चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा, मोठा १५ मिलिलिटरचा. तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये.

१. डोनट होल म्हणजे नक्की काय? भोक कसं खायचं?

नाव फसवं आहे खरं. डोनटच्या मधोमध जेवढं भोक असतं, साधारण तेवढ्या आकाराचा गोळा म्हणजे डोनट होल. घरी कटरने कड्या कापल्या तर मधला तुकडा उरतो, तो तळून खायची पद्धत जुनी. पण पुष्कळ बेकऱ्यांमध्ये यंत्रातून पीठ थेट कडीच्याच आकारात पडतं, मागे काही उरतच नाही. तिथे हे गोळे मुद्दाम वेगळे करतात. कॅनडाच्या टिम हॉर्टन्स या कॉफी-डोनटच्या दुकानसाखळीने १९७६ मध्ये 'टिमबिट्स' या नावाने ते विकायला घेतले आणि तिथे ते घरोघरी पोचले.

भोक मुळात आलं कुठून, याची एक गोष्ट सांगितली जाते. हॅन्सन ग्रेगरी नावाच्या अमेरिकी खलाशाने आपण ते १८४७ मध्ये पाडलं असं पुढे म्हातारपणी सांगितलं. कारण काय, तर कडा शिजायच्या आणि मधला भाग कच्चाच राहायचा. गोष्ट खरी असो वा रचलेली, अडचण अस्सल आहे. तीच अडचण गोळा लहान ठेवूनही सुटते, आणि मोठा केला की परत येते (प्रश्न ८).

२. एअर फ्रायरमध्ये ते तळल्यासारखे होतात का?

नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पहिल्या घासाला तोंड पडतं. एअर फ्रायर म्हणजे जोरदार पंखा लावलेली छोटी भट्टी. फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र आणलं आणि त्याच्या नावात 'फ्राय' आलं, तेव्हापासून हा घोटाळा चालू आहे. तळताना गरम तेल गोळ्याला चहूबाजूंनी बिलगतं, उष्णता भराभर देतं आणि सालीत थोडं मुरतंही. तळलेल्या डोनटची चव त्या मुरलेल्या तेलातच असते. हवा तेवढी उष्णता देऊ शकत नाही.

मग हातात काय येतं? बाहेरून पातळ, किंचित कुरकुरीत साल आणि आत मऊ, जाळीदार, लुसलुशीत केकसारखं काहीतरी. शिजल्यावर वितळलेल्या लोण्यात बुडवून साखरेत घोळवले की तळणीची आठवण येण्याइतपत जवळ जातात. लोणी वाचवलंत तर तुमच्या हाती गोड पावाचा गोळा उरेल. वर्षातून एकदा करताय, लोणी वाचवू नका.

३. मूळ कृती द्या. फाटे फोडू नका.

साधारण १६ गोळे होतात. दोघांना भरपूर.

पिठासाठी: मैदा १५० ग्रॅम, बेकिंग पावडर २ सपाट छोटे चमचे, साखर २ मोठे चमचे, मीठ पाव छोटा चमचा, जायफळाची पूड चिमूटभर, चक्का किंवा अगदी घट्ट दही १२० ग्रॅम, वितळवलेलं लोणी १ मोठा चमचा, व्हॅनिला अर्धा छोटा चमचा.

वरून: लोणी ३० ग्रॅम, साधी बारीक साखर ५० ग्रॅम, दालचिनीची पूड १ छोटा चमचा.

कोरडं सगळं एकत्र चाळा. दुसऱ्या भांड्यात चक्का, लोणी, व्हॅनिला फेटा आणि कोरड्यात ओता. चमच्याने, मग बोटांनी गोळा होईल इतपतच एकत्र करा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. झाकून १० मिनिटं ठेवा. तेवढ्यात वरची साखर-दालचिनी मिसळून ठेवा, लोणी वितळवा आणि एअर फ्रायर १७५ अंशांवर ३ मिनिटं तापवा.

हाताला तेलाचं बोट लावून २०-२० ग्रॅमचे गोळे वळा. वितळलेल्या लोण्यातलंच थोडं ब्रशने प्रत्येकाला लावा. जाळीवर एकमेकांपासून दीड-दोन सेंटिमीटर अंतरावर ठेवून ७ ते ८ मिनिटं शिजवा. पाचव्या मिनिटाला एकदा उलटा. बाहेर काढून मिनिटभर थांबा, उरलेल्या लोण्यात बुडवा, साखरेत घोळवा, खायला घ्या.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत अर्धा तास. दुसरा घाणा लागला तर आणखी १० मिनिटं.

४. डोनट म्हणजे यीस्ट हवं ना?

यीस्टचे डोनट वेगळे: पावासारखे लवचिक आणि पोकळ. पीठ दोनदा फुगवायचं म्हणजे दीड-दोन तास गेले. इथे बेकिंग पावडरवरचा प्रकार आहे, त्याला केक डोनट म्हणतात. झटपट हवंय म्हटल्यावर यीस्टचा विषय संपला.

५. चक्का नाही, साधं दही आहे. दूध चालेल का?

दही चालेल, पण त्यातलं पाणी काढा. पातळसर दही स्वच्छ फडक्यात बांधून दोनेक तास टांगलं की चक्का मिळतो. १२० ग्रॅम चक्क्यासाठी अंदाजे २५० ग्रॅम दही धरा. तेवढा वेळ नसेल तर दही तसंच घ्या, मात्र १२० ग्रॅम एकदम ओतू नका. ८० ग्रॅमवर थांबून पीठ बघा, मग चमच्या-चमच्याने वाढवा.

दुधाने गोळे होतील, पण दह्याने जो मऊपणा येतो तो येणार नाही. दह्यातलं आम्ल ग्लूटेनला (मैद्यातल्या चिवट प्रथिनाला) फार चिवट होऊ देत नाही. दूधच असेल तर ७५ मिलिलिटर दुधात छोटा चमचाभर लिंबाचा रस घालून ५ मिनिटं ठेवा आणि ते वापरा. दही आंबट असेल तर घाबरू नका, दालचिनी-साखरेखाली ते कळत नाही. मात्र जुन्या दह्याचा वास येत असेल तर कळतो, आणि चांगलाच कळतो.

६. बेकिंग पावडर संपली आहे. खायचा सोडा घालू?

घाला, पण मोजून. सोडा बेकिंग पावडरच्या तीन-चार पट जोरदार असतो आणि त्याला उठवायला आम्ल लागतं. १२० ग्रॅम चक्का पाव छोटा चमचा सोडा सहज जिरवतो. त्यात अर्धा चमचा लिंबाचा रस घालून पुढे जा. गोळे किंचित कमी फुगतील. 'अजून थोडा' म्हणून हात सैल सोडलात तर जास्तीचा सोडा तसाच उरतो, चव साबणासारखी लागते आणि रंग उगाच गडद होतो.

दुसरी गोष्ट, सोडा ओला झाल्याबरोबर काम सुरू करतो. त्यामुळे प्रश्न ३ मधली १० मिनिटांची विश्रांती इथे नाही. मिसळा, वळा, शिजवा. बेकिंग पावडर बहुतेक वेळा दोन टप्प्यांत काम करते, थोडी ओलीने आणि बाकीची उष्णतेने, म्हणून तिला धीर असतो.

बेकिंग पावडर आहे पण कधीची आहे कोण जाणे, असं असेल तर अर्धा चमचा गरम पाण्यात टाका. सणकून फसफसली तर ठीक. दोन-चार बुडबुडे येऊन गप्प बसली तर फेकून द्या.

७. पीठ हाताला चिकटतंय. मैदा वाढवू?

नको. कणकेपेक्षा ते सैल आणि चिकटच असायला हवं. मैदा वाढवला की गोळे घट्ट होतात आणि मग तुम्ही प्रश्न १० वाचायला येता. हाताला तेल लावा, किंवा पीठ १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. थंडीने लोणी आवळतं आणि वळायला सोपं जातं. चमच्याने उचललं तरी घरंगळून पडतंय इतकं पातळ झालं असेल, तरच मोठा चमचाभर मैदा. आणि पातळ घोळ एअर फ्रायरमध्ये सोडायचा विचारसुद्धा करू नका. तेलात घोळ पडता पडता धरतो, इथे जाळीतून खाली गळतो.

८. बाहेरून तपकिरी झाले आणि आतून कच्चे. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. तीन कारणं, आणि बहुतेक वेळा पहिलंच.

गोळा मोठा झालाय. २० ग्रॅमचा गोळा साधारण सव्वातीन सेंटिमीटरचा होतो, म्हणजे दिसायला अगदीच चिमुकला. सवयीने हात ३०-३५ ग्रॅम उचलतो. एक गोळा वजनकाट्यावर तोला आणि बाकीचे त्याच्याकडे बघून करा. ३० ग्रॅमचेच हवे असतील तर १६५ अंश आणि ९ ते १० मिनिटं.

तापमान जास्त आहे. "२०० वर ठेवलं म्हणजे लवकर होईल" हा हिशेब एअर फ्रायरमध्ये उलटा बसतो. पंख्याने साल भराभर वाळते, रंगते आणि आतल्या भागाला उष्णता पोचायला वेळच मिळत नाही. शिवाय लहान यंत्रात तापणारी तार पदार्थाच्या अगदी डोक्यावर असते. तुमचं यंत्र तापट आहे असं आधीपासून माहीत असेल तर १६५ वरूनच सुरुवात करा.

तिसरं म्हणजे गोळे एकमेकांना टेकले होते. टेकलेल्या बाजूला हवा जात नाही.

झालेत की नाही ते रंगावरून ठरवू नका. एक गोळा फोडा. तो स्वयंपाक करणाऱ्याचा हक्काचा गोळा. आत ओलसर चकचकीत पीठ दिसलं तर बाकीचे १५० अंशांवर आणखी २-३ मिनिटं ठेवा. या तापमानाला साल फारशी पुढे रंगत नाही आणि आतलं शिजतं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर गोळ्याच्या मध्यात ९३ ते ९५ अंश दिसायला हवेत.

पहिला घाणा नेहमी तीन गोळ्यांचा करा असं मी सगळ्यांना सांगते. दोन घरच्या एअर फ्रायरवर आकडा एकच असला तरी उष्णता एक नसते.

९. पांढरेफटक राहिले, वर कोरड्या पिठाचे डाग आहेत.

गोळे मैद्यात लोळवून वळलेत. तळताना वरचा मैदा तेलात भिजतो. इथे तो जसाच्या तसा बसून राहतो, गालाला पावडर थापल्यासारखा. वळताना मैद्याऐवजी तेल वापरा आणि शिजवण्याआधी लोण्याचा ब्रश चुकवू नका, रंग मुख्यतः त्यानेच येतो. यंत्र आधी तापवलं नसेल तरीही हाच परिणाम दिसतो. डाग पडलेच असतील तर लोण्याचा हात फिरवून दोन मिनिटं परत आत ठेवा.

१०. दगड झालेत.

पीठ मळलं असेल. हे पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळण्याने ग्लूटेन तयार होतं, ते पावाला हवं, इथे नको. नाहीतर बेकिंग पावडर मेलेली (प्रश्न ६) किंवा मैदा वाढवलेला (प्रश्न ७). आणखी एक, जरा लपलेलं कारण: कमी तापमानावर १४-१५ मिनिटं ठेवले तर पंख्याने ते आतपर्यंत सुकतात.

झालेला दगड परत डोनट होत नाही. पण कुस्करून त्यावर गरम कस्टर्ड ओतलं तर कोणाला काही कळत नाही, हे अनुभवाने सांगते.

११. जाळीवर बटर पेपर लावू का?

लावा, पण गोळे वर ठेवल्यावरच. यंत्र तापवताना रिकामा कागद आत टाकला की पंख्याच्या वाऱ्याने तो उडून तापलेल्या तारेला चिकटतो. एका वर्षी माझ्या स्वयंपाकघरात जळक्या कागदाचा असा काही वास भरला की त्या संध्याकाळी दालचिनी हरली. कागदाला भोकं असावीत आणि तो बास्केटपेक्षा लहान असावा, म्हणजे कडेने हवा फिरते. मेणकागद मात्र चालत नाही, मेण वितळतं.

खरं तर गोळ्यांना लोणी लावलं असेल आणि जाळीवर तेलाचं बोट फिरवलं असेल तर कागद लागतच नाही. डब्यातला स्वयंपाकाचा स्प्रे टाळा. त्यातल्या घटकांचा चिकट थर न-चिकटणाऱ्या पृष्ठभागावर बसतो आणि निघता निघत नाही. ब्रश बरा.

१२. दोन थर रचले तर?

नको. एकच थर.

१३. साखर चिकटतच नाही. किंवा चिकटते आणि मग पाणी सुटतं.

दोन्हीचं उत्तर वेळेत आहे. साखर-दालचिनीसाठी गोळे गरमच हवेत, बाहेर काढल्यापासून मिनिट-दोन मिनिटांत. लोण्यात बुडवायचे, जास्तीचं लोणी निथळू द्यायचं, लगेच साखरेत. गार गोळ्यावर लोणी गोठतं आणि साखरेचे ढेकूळ बसतात. एका हाताने लोणी, दुसऱ्या हाताने साखर असं ठेवा, नाहीतर पाचव्या गोळ्याला तुमच्या बोटांचेच डोनट झालेले असतात. दोघांनी मिळून केलं तर एक लोण्यावर, एक साखरेवर. या दिवशी ती वाटणी बरी दिसते.

पिठीसाखरेचं गणित उलटं. गरम गोळ्यावर ती विरघळून चिकट, करडा थर होतो. गोळे पूर्ण गार झाल्यावर आणि ताटात मांडल्यावर, अगदी शेवटच्या क्षणी चाळणीतून भुरभुरवा.

पाणी सुटतं ते कोंडल्यामुळे. गरम गोळे वाडग्यात ढीग करून ठेवले, किंवा साखर लावून डब्यात बंद केले, की आतली वाफ साखरेत मुरते. जाळीवर सुटे ठेवा.

१४. चॉकलेटचा किंवा साखरेचा मुलामा कसा देऊ?

साखरेचा: १०० ग्रॅम पिठीसाखर आणि दीड मोठा चमचा दूध. आणखी लागलं तर थेंबाथेंबाने, कारण हा घोळ एका थेंबाने बिघडतो. चमच्यावरून संथ धारेने पडला पाहिजे. गोळे कोमट असताना बुडवा, म्हणजे पातळ थर बसतो.

चॉकलेटचा: १०० ग्रॅम गडद चॉकलेटचे तुकडे करा, त्यावर १०० मिलिलिटर कडकडीत गरम क्रीम ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर ढवळत जा. हे बुडवून खायला वाटीत द्या. गोळ्यावरच थर हवा असेल तर क्रीम ६० मिलिलिटर करा. नुसतं चॉकलेट वितळवत असाल तर भांडं, चमचा, सगळं कोरडं ठणठणीत हवं. पाण्याच्या थोड्याशा थेंबांनी ते आवळून वाळूसारखं होतं.

१५. गुलाबी करायचे होते. पिठात बीट घातलं, तपकिरी झाले. काय चुकलं?

तुमचं काही नाही, बीटचंच. त्याचा रंग उष्णतेला टिकत नाही, शिजता शिजता फिका तपकिरी होतो. स्ट्रॉबेरी-रास्पबेरीची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांचा लाल रंग आम्लात लाल असतो, आणि सोडा जास्त झालेल्या पिठात तो निळसर करडा होतो. प्रेमाच्या दिवशी करड्या रंगाचे गोळे! एकदा पाहिले आहेत, चव चांगली होती, पण दिवा घालवून खाल्ले.

म्हणून रंग पिठात घालायचाच नाही, वर द्यायचा. प्रश्न १४ मधल्या साखरेच्या घोळात दुधाऐवजी बीटच्या रसाचे काही थेंब आणि थोडा लिंबाचा रस घाला. लिंबाने रंग उजळ राहतो आणि बीटचा मातकट वास दबतो. किंवा सुकवलेल्या स्ट्रॉबेरीची पूड साखरेत मिसळून गरम लोणीदार गोळे त्यात घोळवा. माझं मत विचाराल तर हाच सगळ्यात देखणा प्रकार, आणि आंबटगोड असल्याने दालचिनीपेक्षा लवकर संपतो. पिठातच लाल हवं असेल तर खायचा जेल रंग वापरा. पातळ रंगाने पीठ सैल होतं.

१६. आत जॅम किंवा चॉकलेट भरायचं आहे. आधी की नंतर?

नंतर. कच्च्या गोळ्यात भरलं की जॅम उकळतो, फट शोधतो आणि जाळीवर जळतो. शिजलेले गोळे १० मिनिटं गार होऊ द्या, काडीने बाजूने मध्यापर्यंत भोक पाडून काडी आत थोडी फिरवा आणि लांब तोंडाच्या नळीने भरा. एका गोळ्यात अर्धा छोटा चमचा मावतो, त्याहून जास्त भरलं तर फाटतो. बिया किंवा फळांचे तुकडे असलेला जॅम नळीत अडकतो, आधी गाळून घ्या.

भरायचंच असेल तर साखरेत घोळवण्याचं काम आधी उरका, कारण ते गरमपणीच होतं (प्रश्न १३). हेझलनट-चॉकलेट भरत असाल तर समोरच्याला सुकामेव्याची ॲलर्जी नाही ना, हे विचारून घ्या. सरप्राइज थोडं कमी झालं तरी चालेल.

१७. हृदयाच्या आकाराचे होतील?

वळून करायला जाऊ नका, फुगल्यावर बटाटे दिसतात. पीठ दीड सेंटिमीटर जाड थापा, फ्रिजमध्ये २० मिनिटं ठेवा आणि लहान कटरने सरळ खाली दाबून कापा. कटर गोल फिरवला की कडा बंद होतात आणि आकार एका बाजूला झुकतो. मधली खाच जरा जास्त खोल करा, फुगताना ती भरते. वेळ ६ ते ७ मिनिटं.

१८. अंडं, दूध, ग्लूटेन यातलं काही चालत नाही. मग?

अंडं मूळ कृतीत नाहीच. दूधदुभतं नको असेल तर वनस्पतीजन्य बिनसाखरेचं दही टांगून घ्या आणि लोण्याऐवजी खोबरेल किंवा कुठलंही वास नसलेलं तेल वापरा.

ग्लूटेनचं मात्र सोपं नाही. नुसत्या तांदळाच्या पिठाने गोळे भुगा होतात. झँथन गम (पीठ धरून ठेवणारी पूड) असलेलं तयार ग्लूटेन-मुक्त मिश्रण घ्या, पीठ अर्धा तास मुरू द्या आणि १५ ग्रॅमचे गोळे करा. आणि एअर फ्रायरची जाळी, कागद आणि चाळण आधी स्वच्छ आहेत का तेही बघा. ज्याला सीलिएकचा आजार आहे त्याला उरलेलं चिमूटभर पीठही त्रास देऊ शकतं.

१९. मैद्याऐवजी कणीक चालेल?

अर्धा मैदा, अर्धी कणीक चालते. दही १ ते २ मोठे चमचे वाढवा, कारण कोंडा पाणी पितो, आणि पीठ १५ मिनिटं ठेवा. पूर्ण कणकेचे पौष्टिक असतात, पण भेट म्हणून मी देणार नाही.

२०. साखर कमी करायची आहे. एका गोळ्यात किती कॅलरी असतात?

साखर-दालचिनीवाल्या २० ग्रॅमच्या गोळ्यात सगळं धरून ७५ ते ८० कॅलरी पडतात. पिठातली साखर निम्मी केली तर फरक फार कळत नाही, कारण गोडवा वरच्या थरातून येतो. साखरेऐवजी एरिथ्रिटॉल हा गोड पर्याय वापरलात तर रंग कमी येईल, ते साखरेसारखं तपकिरी होत नाही. झायलिटॉल हा दुसरा पर्याय वापरत असाल आणि घरात कुत्रा असेल तर एकही गोळा खाली पडू देऊ नका. कुत्र्यांना ते थोड्या प्रमाणातही जिवावर बेततं. चॉकलेटही त्यांना विषारीच.

२१. आदल्या रात्री करून ठेवू का?

शिजवून नको. हे गोळे पहिल्या अर्ध्या तासात जे असतात ते नंतर नसतात. फ्रिजमध्ये ठेवले तर अजून वाईट, फ्रिजच्या तापमानाला स्टार्च भराभर घट्ट होतो आणि पदार्थ बाहेर ठेवल्यापेक्षा लवकर शिळा लागतो.

आधी करायचं ते असं. वळलेले कच्चे गोळे ताटात सुटे ठेवून फ्रीजरमध्ये दगड होऊ द्या, मग पिशवीत भरा. महिनाभर टिकतात. १६५ अंशांवर गोठलेलेच आत घाला, १० ते १२ मिनिटं. फुगतात जरा कमी, पण चालतं. साखर-दालचिनी, चॉकलेटची वाटी, भरायची नळी हे सगळं आदल्या दिवशी तयार ठेवता येतं.

संध्याकाळी जेवायला बसण्याआधी गोळे वळून, झाकून फ्रिजमध्ये ठेवा. जेवण उरकत आलं की यंत्र तापवा. ताटं उचलेपर्यंत ते शिजतात, आणि घरभर दालचिनीचा वास सुटलेला असताना गरम गोळे टेबलावर येतात. सजावटीच्या कुठल्याही रिबिनीपेक्षा या वेळेच्या गणिताने जास्त काम होतं.

उरलेच तर उघड्यावर गार करून डब्यात, एक दिवस. खाण्याआधी १५० अंशांवर २-३ मिनिटं. जॅम भरलेले गरम करताना जपून, बाहेरचा भाग कोमट लागतो आणि आतला जॅम जीभ भाजतो.

२२. एअर फ्रायर नाही, साधा ओव्हन आहे.

१९० अंशांवर १० ते १२ मिनिटं, मधल्या कप्प्यात. ओव्हनला पंखा असेल तर १७०. साल जरा मऊ राहते. उरलेलं सगळं तसंच.

२३. कच्चं पीठ चाखून बघितलं. काही होईल?

अंडं नसलं तरी कच्चा मैदा निर्धोक नसतो. त्यात साल्मोनेला किंवा ई. कोलायसारखे जिवाणू असू शकतात. एका चाटण्याने बहुधा काही होणार नाही, पण सवय नको. गोडी बघायची असेल तर वरची साखर चाखा.

२४. मागणी घालायची आहे. एका गोळ्यात अंगठी लपवली तर?

हा प्रश्न दर वर्षी किमान एकदा येतो, म्हणून उत्तरही तयार आहे: नाही. गोळा एका घासाचा असतो, तो अर्धा चावून बघत नाही कोणी. अंगठी दाताखाली येते, किंवा दातांना चुकवून घशात जाते. शिजवताना आत घातली तर उष्णतेने मोती आणि ओपलसारखे नाजूक खडे खराब होऊ शकतात. नंतर खुपसली तर खड्याच्या कोंदणात लोणी-साखर बसते, ती काढायला ब्रश घेऊन बसावं लागतं.

ताटात गोळे कडीसारखे गोल मांडा, मधे भोक ठेवा आणि अंगठीची डबी त्या भोकात. गोळे संपत जातात तशी डबी दिसत जाते. फक्त ओल्या रुमालाची सोय जवळ ठेवा, साखर-लोणी लागलेल्या बोटावर अंगठी फार नीट बसत नाही.